इंजिनाची स्प्रिंग घरीं कशावर तोलावी ?

वऱ्हाडच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशीं, जळगांव जामोद हें तालुक्याचें गांव आहे. खानदेशांतल्या जळगांवाशीं घोटाळा होऊं नये म्हणून शेजारच्या जामोद गांवाचें नांव त्याला जोडलें गेलें. १९०५ सालीं हा तालुका अकोला जिल्ह्यांतून निघून बुलढाणा जिल्ह्यांत आला. कापूस, ज्वारी, तूर हीं इकडचीं जुनीं पिकें. विहिरीला गोडें पाणी आहे तेथें संत्र्याच्या बागाही उभ्या आहेत. रेल्वे गांठावयाची तर नांदुऱ्यास जावें लागतें. पुष्कळ विहिरींवर आतां विजेच्या मोटारी आल्या आहेत. तरी वीज नसेल तेथें, आणि असूनही नसल्यासारखी असेल तेथें, तेलावर चालणारें इंजिन अजून कामास येतें. अशा इंजिनाचा सुटा भाग बाजारांत मिळतो. परंतु मिळालेला भाग कसाचा आहे कीं नाहीं, हें पारखण्याचें काम मात्र ज्याचें त्यालाच करावें लागतें.

इंजिन काळा धूर ओकूं लागलें, हँडल मारतांना हाताला पूर्वीसारखा अटकाव लागेनासा झाला, कीं मिस्त्रीला बोलावणें जातें. मिस्त्री हेड उतरवितो, व्हॉल्व्ह बाहेर काढतो, स्प्रिंग तळहातावर घेऊन अंगठ्यानें दाबून पाहतो आणि निकाल देतो, "भाऊ, स्प्रिंगा बसल्या. नव्या टाका." मळ्याच्या धन्यानें विचारावें, "बसल्या खऱ्या, पण किती बसल्या ?" तर याला उत्तर नसतें. जी स्प्रिंग वीस किलोच्या भाराखालीं फक्त सेंटिमीटरभर दबते, तिची परीक्षा अंगठ्यानें होत नाहीं. अंगठ्याला फार तर ती स्प्रिंग आहे एवढें कळतें. पुढें बाजारांतून नव्या स्प्रिंगा येतात, त्यांनाही तोच अंगठा लागतो, आणि त्या इंजिनांत जातात. त्या नव्या स्प्रिंगाच मूळच्या ढिल्या असल्या तर दोष त्यांच्याकडे जात नाहीं. पंप बदलला जातो, नॉझल बदललें जातें, हेड दुसऱ्यांदां उतरतें, आणि ऐन वैशाखांत बागेचें पाणी चार दिवस चुकतें. घरीं स्प्रिंग तोलण्याचें साधन असावें तें मुख्यतः यासाठीं. जुनी स्प्रिंग टाकून देतां येते, तिची किंमत फार नाहीं. नवी स्प्रिंग तोलल्यावांचून बसवूं नये, हें अधिक महत्त्वाचें.

व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरच्या तोंडावरची झडप. कॅमच्या उंचवट्यानें ती उघडते आणि स्प्रिंगच्या जोरानें मिटते. उघडण्याचें काम लोखंड लोखंडाला ढकलून करतें; मिटण्याचें सारें काम एकट्या स्प्रिंगचें. चार धांवांच्या इंजिनांत दांड्याच्या दर दोन फेऱ्यांस प्रत्येक झडप एकदां उघडते. इंग्लंडांतील डर्स्ली येथील लिस्टर कंपनीचें सहा अश्वशक्तीचें जें मंदगति इंजिन हिंदुस्थानांत पसरलें, आणि ज्याच्या नकला पुढें राजकोटच्या कारखान्यांनीं काढल्या, तें मिनिटाला ६५० फेरे घेतें. म्हणजे त्याची झडप मिनिटाला ३२५ वेळां उघडते. पुण्याच्या किर्लोस्कर ऑईल एंजिन्सची स्थापना १९४६ सालची. त्या कंपनीचें पांच अश्वशक्तीचें शेतकी इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचें. तेथें झडप मिनिटाला ७५० वेळां, आणि दहा तासांच्या एका पाळींत साडेचार लक्ष वेळां उघडते व मिटते. इतक्या वेळां वांकून पुन्हा सरळ होण्याचें काम माणसानें लोखंडाकडून क्वचितच दुसरीकडे घेतलें असेल.

वेग वाढतो तसतसा झडपेला परत आणण्यास लागणारा जोर वेगाच्या वर्गानें वाढतो. वेग दुप्पट झाला तर जोर चौपट हवा. म्हणून मंदगति इंजिन किंचित् थकलेल्या स्प्रिंगेवरही वर्षानुवर्षें कुरकुर न करतां चालतें, आणि तितकीच थकलेली स्प्रिंग वेगवान मोटरसायकलींत बसविली तर झडप कॅमवरून सुटून तरंगूं लागते. साधन निवडतांना ही गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावी. विहिरीवरच्या इंजिनाला शेंकडा पांचाच्या आंतबाहेरची चूक चालण्यासारखी आहे. शर्यतीच्या गाडीचीं साधनें त्यासाठीं घेण्याचें कारण नाहीं.

आतां स्प्रिंगेचा मुख्य नियम. स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणांत ती उलट जोर करते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें हा नियम १६७८ सालीं उघडपणें प्रसिद्ध केला. त्याआधीं अक्षरांची उलटापालट करून त्यानें तो एका कोड्यांत दडवून ठेवला होता, कीं श्रेय तर आपलें राहावें आणि युक्ति दुसऱ्यास कळूं नये. आज ती युक्ति कोणालाही मोकळी आहे. उदाहरणापुरती एक स्प्रिंग घेऊं. तार ४ मिलिमीटर जाडीची, वेटोळ्याचा मधला व्यास २८ मिलिमीटर, काम करणारीं वेटोळीं ६, आणि मोकळी उंची ५२ मिलिमीटर. पोलादाच्या गुणांवरून गणित केलें तर ही स्प्रिंग दर मिलिमीटर दाबण्यास सुमारें दोन किलो भार मागते. ती इंजिनांत बसविल्यावर तिची उंची ४२ मिलिमीटर राहिली तर ती वीस किलोनें झडप मिटून धरील. झडप ८ मिलिमीटर उघडली म्हणजे उंची ३४ वर येईल आणि जोर छत्तीस किलोपर्यंत चढेल.

आतां स्प्रिंग बाद करण्याची कारखान्यांतली सर्वसाधारण रूढि अशी कीं, ठरलेल्या जोरांत शेंकडा दहा तूट आली म्हणजे ती काढावी. वीस किलोची तूट झाली दोन किलो. आणि वरच्या हिशेबानें दोन किलो म्हणजे उंचीचा फक्त एक मिलिमीटर ! अर्थात् वजन अगदीं तंतोतंत दाखविणारा कांटा जरी आणला, तरी उंची मोजतांना एक मिलिमीटर चुकला तर चांगली स्प्रिंग बाद ठरेल आणि बाद झालेली चांगली ठरेल. उलट कांटा अर्ध्या किलोनें चुकीचा असला तरी फरक शेंकडा अडीचच पडतो. लोक साधन घेतांना तें किती किलोपर्यंत दाखवितें, तबकडी केवढी, आंकडे किती बारीक, हें विचारतात. विचारावयाचें तें हें कीं, स्प्रिंग दाबलेली असतांना तिच्या दोन्ही टोकांमधलें अंतर यावर नीट मोजतां येतें कीं नाहीं. या एका प्रश्नावर निम्मीं साधनें गळून पडतात.

बाजारांत तयार मिळणाऱ्या साधनांचे ढोबळ तीन प्रकार आहेत. एक टेबलावरचें, उभ्या खांबाचें. त्यांत बाजूला मोजपट्टी आणि वर दाबाचा दांडा असतो. हें उत्तम खरें, परंतु याची किंमत एका इंजिनाच्या सगळ्या स्प्रिंगांच्या कितीतरी पट. इंजिनें बांधण्याचा ज्याचा धंदा आहे त्यानें घ्यावें. दुसरें, हेड न उतरवितां जागेवरच तपासण्याचें, जोर मोजणाऱ्या पान्यानें तरफेसारखें चालणारें. मोटरदुरुस्तीवाल्यांना उपयोगी, पण हेड तसेंही उतरलेलें असेल तर निरुपयोगी. तिसरें लहान, मुठीएवढें, तेलाच्या दाबावर चालणारें. तें स्प्रिंगेबरोबर वाईसच्या जबड्यांत धरून आंवळावयाचें कीं तबकडीवर भार दिसतो. घरच्या कामास हेंच लोकांना मोहवितें. याच्यांत खोड अशी कीं, झिजलेल्या वाईसचे जबडे दाबाखालीं तिरके होतात. एका बाजूस उंची ४२ भरते, दुसऱ्या बाजूस ४३. शिवाय कित्येकांच्या तबकडीवर आंकडे पौंडांत असतात. एक पौंड म्हणजे ०.४५४ किलो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत पौंड, नव्या पुस्तकांत न्यूटन, आणि मिस्त्रीच्या तोंडीं किलो, या त्रांगड्यांत चांगलीं माणसें फसलेलीं आहेत. १९६ न्यूटन हे सुमारें वीस किलो होत. आंकडा नुसता न पाहतां त्यापुढचें परिमाण आधीं वाचावें.

जळगांव जामोदसारख्या गांवीं घरांतल्याच वस्तूंवर हें काम साधावयाचें तर दोन रीति आहेत, आणि दोन्ही चांगल्या आहेत.

पहिली रीति माणसाचें वजन पाहण्याच्या कांट्याची. उभें ड्रिल मशीन असेल तर त्याच्या बैठकीवर कांटा ठेवावा, कांट्याच्या बरोबर मध्यभागीं जाड लोखंडी पाटा, पाट्यावर स्प्रिंग, स्प्रिंगेवर तिचीच वरची टोपी किंवा जाड वॉशर, आणि ड्रिलच्या चकमध्यें बोथट तोंडाचा दांडा धरून हातानें हळूहळू खालीं आणावा. मशीनची वीज अगोदर तोडलेली असावी, हें सांगणें नको. ड्रिल मशीन नसल्यास लांकडी चौकटींत बसविलेल्या जाड बोल्टानेंही दाबतां येतें, आणि खरें म्हणजे बोल्ट अधिक बरा; तो जेथें थांबविला तेथें थांबतो, हात थकून मागें सरत नाहीं.

येथें एक खांच आहे. माणसाचा कांटा भाराखालीं स्वतः खचतो. कमानीचा जुना कांटा कांहीं मिलिमीटर खालीं जातो, इलेक्ट्रॉनिक कांटा थोडा जातो, बैठकही किंचित् लवते. म्हणून दांडा किती खालीं आला तें ड्रिलच्या मोजपट्टीवर वाचून उपयोग नाहीं. अंतर मोजावयाचें तें स्प्रिंगेच्याच दोन टोकांमधलें, व्हर्निअर कॅलिपरनें, आणि समोरासमोरच्या दोन बाजूंस. व्हर्निअर नसेल तर ठरलेल्या उंचीचा लोखंडी ठोकळा लेथवर तासून घ्यावा आणि तो स्प्रिंगेशेजारीं उभा करावा. वरचा वॉशर ठोकळ्याला नुकता टेकण्याच्या बेतांत आला कीं कांटा वाचावा. पुरता टेकला तर भार ठोकळ्यावर जातो आणि वाचन फसवें होतें. कागदाचा कपटा मधून कसाबसा सरकेल इतकी फट ठेवणें ही जुनी सोपी खूण.

इलेक्ट्रॉनिक कांट्याची दुसरी खोड अशी कीं, पुष्कळ कांटे आंकडा स्थिर झाला म्हणजे तो धरून ठेवतात. त्यानंतर भार वाढविला तरी तोच आंकडा दिसत राहतो. म्हणून प्रत्येक वाचनापूर्वीं भार काढून कांटा शून्यावर आणावा. कांट्याची कांच उघडी राहूं देऊं नये. स्प्रिंगेचा भार एका लहान वर्तुळावर पडतो आणि कांच तडकते. आणि कांटा खरा आहे कीं नाहीं हें तपासण्यास कोठें जावें लागत नाहीं. किराणा दुकानदाराकडे सरकारी छाप मारलेलीं लोखंडी वजनें असतात. पांच, दहा, वीस किलोचीं घटकाभर आणून कांट्यावर ठेवावीं. तेंही जमलें नाहीं तर एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. वीस लिटरच्या मापाचा डबा, त्याचें स्वतःचें वजन वेगळें धरून, साक्षीला पुरेसा आहे.

दुसरी रीति तरफेची, आणि जुन्या माणसांस ती अधिक पटेल. सागाची किंवा लोखंडाची साठ सेंटिमीटर लांबीची दांडी घ्यावी. एक टोंक खिळीवर फिरतें ठेवावें, खिळीपासून दहा सेंटिमीटरवर स्प्रिंग, आणि पन्नास सेंटिमीटरवर वजनाची आंकडी. आंकडीला लावलेला एक किलो स्प्रिंगेवर पांच किलो होऊन पडतो. छापाचीं वजनें असल्यामुळें यांत कांट्याची बिघडण्याची भीति नाहीं. लोखंडाचें वजन बॅटरी उतरली म्हणून बदलत नाहीं. परंतु दांडीचें स्वतःचें वजन विसरलें कीं सारें गणित चुकतें. दोन किलोची सरळ सारखी दांडी असली तर तिचा मध्य तीस सेंटिमीटरवर पडतो, आणि ती रिकामीच स्प्रिंगेवर सहा किलो दाबते. मग वीस किलो हवे असतां उरलेल्या चौदा किलोंसाठीं आंकडीला फक्त दोन किलो आठशें ग्रॅम लागतात. हिशेबाची कटकट नको असेल तर स्प्रिंगेच्या जागीं लटकता कांटा बांधून रिकामी दांडी उचलून धरावी. तो दाखवील तोच दांडीचा भार. आणखी एक जपावें : वाचनाच्या वेळीं दांडी आडवी असावी. ती तिरकी असली तर स्प्रिंग एका अंगाला कलते. स्प्रिंगेखालीं वॉशर घालून किंवा काढून ही गोष्ट साधतां येते.

दोहोंपैकीं एक निवडावयाची तर ज्याच्या घरीं ड्रिल मशीन आहे त्यानें कांटा घ्यावा, ज्याच्या घरीं नाहीं त्यानें तरफ बनवावी. तयार साधनावर पैसे खर्चण्याआधीं एक बरा व्हर्निअर घ्यावा. तो पुढेंही शंभर कामांस येतो.

दोन्ही रीतींत स्प्रिंगेच्या पोकळींतून एक सैल सळई उभी घालावी. दाबलेली स्प्रिंग निसटली तर ती डोळ्याकडेच येते असें वाटण्याइतक्या जोरानें सुटते; सळई असली कीं ती जागेवर उसळून थांबते. चष्मा लावावा, आणि मुलांना "पाहा कशी दबते" म्हणून जवळ बोलावूं नये. तो मोह घरोघरीं होतो.

आतां प्रश्न उरतो तो असा कीं, स्प्रिंगेनें किती भार दाखवावयास हवा हें कळावें कसें ? इंजिनाचें पुस्तक हातीं असेल तर त्यांत उंची आणि भार दिलेले असतात. पण मळ्यावरच्या इंजिनाचें पुस्तक बहुधा पहिल्याच पावसाळ्यांत वाळवीनें वाचलेलें असतें. तेव्हां बसविलेली उंची हेडवरच मोजावी : झडप मिटून टोपी जागेवर धरावी, आणि टोपीपासून हेडच्या खोबणीपर्यंतचें अंतर घ्यावें. झडप वारंवार घासून घासून आंत खोल गेली असेल तर हें अंतर वाढलेलें असतें, आणि स्प्रिंग निर्दोष असूनही जोर कमी पडतो. अशा वेळीं नवी स्प्रिंग आणून कांहीं साधत नाहीं. खालीं योग्य जाडीचा वॉशर घातला म्हणजे काम होतें. मात्र झडप पुरी उघडल्यावर वेटोळें वेटोळ्याला टेकत नाहीं, हें पाहावें. वरच्या उदाहरणांत आठ वेटोळीं, प्रत्येक ४ मिलिमीटर, म्हणजे ३२ च्या खालीं ती स्प्रिंग दबूंच शकत नाहीं. आणि उघडल्यावर उंची राहते ३४. दोन मिलिमीटरच मोकळे आहेत. तेथें तीन मिलिमीटरचा वॉशर कोणी घातला तर कॅम, ढकलदांडी आणि रॉकर यांपैकीं कांहींतरी वांकणार.

पुस्तक नसलेल्यांसाठीं उत्तम तोड म्हणजे साक्षीची स्प्रिंग. भरंवशाच्या कारखान्याची एक नवी स्प्रिंग आणावी, बसविलेल्या उंचीवर आणि उघडलेल्या उंचीवर तिचा भार तोलून कागदावर लिहावा, आणि ती तेलांत भिजविलेल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावी. पुढें येणारी प्रत्येक नवी-जुनी स्प्रिंग त्याच कांट्यावर, त्याच ठोकळ्याशीं, तिच्या शेजारीं तोलावी. अशा तुलनेंत कांट्याची स्वतःची चूक दोन्हीकडे सारखीच पडते आणि वजा जाते. नकली मालांत तार किंचित् बारीक असते, आणि ती डोळ्याला दिसत नाहीं. पण स्प्रिंगेचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. चार मिलिमीटरऐवजीं ३.९ ची तार निघाली तर जोर शेंकडा साडेनऊनें उतरतो. व्हर्निअरनें तार मोजली कीं हें दुकानांतच कळतें, घरीं येण्याची वाट पाहावी लागत नाहीं.

या सर्व तोलण्याला एक मर्यादा आहे, आणि या मुलुखांत ती विसरतां येणार नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतला मोठा पट्टा खारपाणाचा आहे. जळगांव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांचा बराच भाग त्यांत येतो. खाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांनीं लोखंड लवकर गंजतें, आणि जुन्या मंदगति इंजिनांच्या स्प्रिंगा तर हेडवर उघड्याच असतात. गंजाचा टांचणीच्या टोंकाएवढा खड्डा तारेवर पडला तरी स्प्रिंगेचा भार तोळाभरही कमी होत नाहीं. कांटा तिला उत्तीर्ण करतो. पण लाखों वेळां वांकतांना चीर पडते ती त्याच खड्ड्यापासून, आणि एके रात्रीं स्प्रिंग तुटते. तुटलेलीं वेटोळीं एकमेकांत गुंतून आंखडतात, झडप पुरी मिटत नाहीं, वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळतो. मग बदलावी लागते ती एकटी स्प्रिंग नव्हे. म्हणून तोलण्याआधीं स्प्रिंग रॉकेलांत धुवावी, उन्हांत भिंगाखालीं फिरवून पाहावी, तारेवरून नख ओढावें. नख अडकलें तर ती कांट्यापर्यंत नेऊंच नये. तशीच सपाट कांचेवर उभी करून शेजारीं गुण्या लावावा. वरचें टोंक दीड मिलिमीटरहून अधिक कललें असेल तर ती झडपेचा दांडा एका बाजूनें झिजविते, भार कितीही बरोबर असो.

ज्या स्प्रिंगा या सर्वांतून पार पडतील त्यांना खुणेची चिठ्ठी बांधावी. हवा घेणाऱ्या झडपेची आणि धूर सोडणाऱ्या झडपेची स्प्रिंग एकमेकींत मिसळूं देऊं नये. धुराच्या बाजूची उष्णतेनें लवकर थकते आणि तिचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. तारीख, उंची आणि भार हे तीन आंकडे पंपाच्या खोलींत दाराच्या आंतल्या बाजूस खडूनें न लिहितां रंगानें लिहावे. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडीं मिस्त्री पुन्हा येईल, स्प्रिंग अंगठ्याखालीं धरील, आणि त्या वेळीं धन्याला दार लोटून ते आंकडे त्याच्यापुढें करतां येतील.